घरी 'मले' म्हणणारं पोरगं आणि शाळेतलं 'शुद्ध'

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही मूळच्या दर्यापूर तालुक्यातल्या. यजमान चाकणला कारखान्यात कंत्राटी कामावर, सासूबाई दोन वर्षांपासून सोबत. मुलगा मराठी माध्यमात दुसरीत आहे. घरी सगळे वऱ्हाडी बोलता. वर्गात तो 'मले पानी पाह्यजे' म्हणाला की पोरं हसतात. वाचताना अडखळतो. पालकसभेत बाईंनी सांगितलं, घरी शुद्ध बोला, आजीच्या बोलण्यानं त्याची भाषा बिघडते आहे. आता तुम्ही विचारता: सासूबाईंना त्याच्याशी कमी बोला म्हणून सांगायचं काय? आपणच घरात पुणेरी बोलायची सवय लावायची काय? की इंग्रजी माध्यमात टाकून हा सगळा तंटाच मिटवायचा?

मी एकोणतीस वर्षं अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो. पहिली सात धारणी तालुक्यात कोरकू आदिवासी मुलांमध्ये, पुढे अचलपूर-अंजनगाव भागात, आणि शेवटी केंद्रप्रमुख. माझे वडील सालदार होते, आई कापूस वेचायला जायची, आणि आमच्या घरात छापील अक्षर म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर अन् खताची पोती. त्यामुळे या विषयात मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

सासूबाईंना गप्प करू नका. एवढं आत्ताच सांगतो. का, ते सावकाश सांगतो, कारण उद्या बाई पुन्हा बोलल्या तर तुमच्याजवळ नुसतं माझं नाव नको, कारण हवं.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. मुलगा वेगळं बोलतो, मुलगा वाचताना अडतो, आणि मुलाला हसतात. बाईंनी तिन्हींचं खापर आजीवर फोडलं. खरं तर पहिली गोष्ट दोष नाही. दुसरीचं कारण शोधावं लागेल. आणि तिसरी मुलाची अडचणच नव्हे, ती वर्गाची आहे.

आधी दुसरी घेऊ. तो नेमका कुठं अडतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथून मला ते दिसत नाही. डोळे तपासलेत काय? फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघतो काय? सर्दीनं कान वाहतात काय? गावाकडच्या शाळेतून मधूनच इकडं आला असेल तर किती दिवस बुडाले? भाषेचं नाव घेण्याआधी हे बघायचं असतं. मी स्वतः एका पोराला सहा महिने 'मठ्ठ' समजत होतो. त्याला चष्मा लागला आणि मीच मठ्ठ ठरलो. शिवाय दुसरीत अडखळणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मुलांना किती वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या ग्रामीण भारतातल्या पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. म्हणजे तुमचं पोरगं एकटं मागं पडलेलं नाही, मोठ्या घोळक्यात आहे. हे समाधान मानायला सांगत नाही, घाबरून उलटसुलट निर्णय घेऊ नका म्हणून सांगतो.

आता एक काम करा. पुस्तकातला एक छोटा उतारा त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. शेजारी बसा, पण मधे बोलू नका, आणि तो जे उच्चारतो ते जसंच्या तसं कागदावर लिहा. समजा वाक्य आहे, 'काळ्या गाईचे डोळे पाणीदार होते.' तो वाचेल, 'काया गाईचे डोये पानीदार होते.' यात चुका किती? वर्गात तीन मोजतील. मी एकही मोजत नाही. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, शाळेची शाया होते, सकाळची सकाय होते, ण चा न होतो. कागदावर 'डोळे' छापलेलं आणि तोंडातून 'डोये' आलं, याचा अर्थ त्यानं अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, तो आपल्या घरातलाच शब्द आहे हे ओळखलं आणि घरच्या आवाजात म्हटला. ज्याला शब्द कळलाच नाही त्याला हे जमायचं नाही. पण तोच मुलगा 'होते'चं 'हाते' वाचत असेल, 'पाणीदार'चं 'पीनादार' करत असेल, तर ती खरी अडचण. तिथं मात्रा-वेलांटी पक्की झालेली नाही, आणि त्याच्याशी आजीचा काही संबंध नाही.

या दोन प्रकारांत फरक न करता प्रत्येक 'डोये'ला थांबवलं की काय होतं, ते मी इतक्या वर्गांत पाहिलंय. पोरगं एक शब्द वाचतं आणि वर बघतं. दुसरा वाचतं आणि पुन्हा वर बघतं. त्याची नजर ओळीवर राहतच नाही, बाईंच्या चेहऱ्यावर जाते. मग अडखळणं येतं आणि आपण म्हणतो, बघा, भाषा कच्ची आहे.

याच्या उलटची गोष्ट माझ्याच हातून घडली. धारणीकडं माझी पहिली नेमणूक होती. तिसरीतली एक मुलगी पावसावरचा धडा घडाघडा वाचायची. स्पष्ट आवाज, एक मात्रा चुकायची नाही. तपासणीला साहेब आले की मी तिलाच उभी करायचो. तीन महिन्यांनी एकदा मी तिला सहज विचारलं, 'काय आहे गं या धड्यात?' तिनं पुस्तक सरळ केलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा पहिली ओळ. मग सातवीतल्या एका मुलाला बोलावून कोरकूत विचारायला लावलं, तेव्हा कळलं की धड्यातले अर्ध्याहून जास्त शब्द तिला ठाऊकच नाहीत. कोरकू ही काही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीची बहीण. पाण्याला 'डा' म्हणतात, एक-दोन-तीनला 'मिया, बारिया, आफई'. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती आपली भाषा म्हणून नोंदवली. त्या मुलीला मी तीन महिने आवाज काढायला शिकवलं होतं आणि त्याला वाचन म्हणत होतो. साहेब खूश होते, मीही खूश होतो.

म्हणून वाचनाचा विचार करताना मी दोन बाजू वेगळ्या धरतो. अक्षरावरून आवाज काढणं ही एक, आणि त्या आवाजामागं अर्थ असणं ही दुसरी. धारणीच्या मुलीजवळ पहिली होती, दुसरी नव्हती. तुमच्या मुलाजवळ दुसरी भरपूर आहे. ती त्याला कोणी दिली? दिवसभर त्याच्याशी बोलत बसणाऱ्या आजीनं. बाई ज्याला बिघाड म्हणतात ते त्याचं भांडवल आहे.

आता 'शुद्ध' या शब्दाकडं येतो. मराठीचं आज जे प्रमाण रूप आहे ते आकाशातून पडलेलं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. इंग्रजी अमलात शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तकं लिहिली गेली. ते लिहायला जे बसले ते मुख्यतः पुण्या-मुंबईचे, वरच्या जातींतले शिकलेले लोक. त्यांच्या घरात जे बोललं जात होतं ते पुस्तकात गेलं, आणि पुस्तकात गेलं म्हणून शुद्ध झालं. राजधानी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, असती आणि छापखाने तिथं निघाले असते, तर आज पुण्यातल्या एखाद्या आईला पालकसभेत ऐकावं लागलं असतं, 'मला काय म्हणतो तुमचा मुलगा, मले म्हणायला शिकवा.' गंमत बघा, मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्याच मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झालं. आता सरकारनं मराठी भाषा विद्यापीठही तिथंच काढलंय. आणि त्याच मातीतली बोली बोलतो म्हणून तुमच्या मुलाला हसतात.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकायची नाही असा मुळीच नाही. परीक्षा, अर्ज, वर्तमानपत्र, कोर्ट, सगळं त्याच मराठीत आहे, आणि ती न येणं परवडणारं नाही. गरिबाच्या पोराला तर अजिबात नाही. 'आमची बोली हीच आमची भाषा, प्रमाण गेलं उडत' असं भाषणात म्हणणाऱ्यांची स्वतःची पोरं कुठं शिकतात ते एकदा विचारावं. माझं म्हणणं एवढंच की बोलतो तसं लिहिणारं मूल कुठंच नसतं. पुण्यातलं मूलही 'केलं' म्हणतं आणि धड्यात 'केले' वाचतं, 'रुशी' म्हणतं आणि 'ऋषी' लिहितं. घर आणि पुस्तक यांत प्रत्येकालाच अंतर कापावं लागतं. कोणाला अंगणापर्यंत जायचंय, तुमच्या मुलाला वेशीपर्यंत, धारणीच्या मुलीला डोंगर ओलांडून. शाळा तिघांनाही एकाच वेळी पोचायला सांगते आणि जो अंगणातूनच आला त्याला हुशार म्हणते.

वस्तूंच्या नावांनी तर फार घोळ होतो. एका शाळेत पहिलीच्या पोरांना चित्र दाखवून नावं विचारत होते. कोथिंबिरीची जुडी दाखवली. पोरगं म्हणालं, 'सांबार.' नव्यानंच बदलून आलेल्या मॅडम पश्चिमेकडच्या होत्या. त्यांच्या डोळ्यापुढं इडली आली. चूक. टमाट्याला पोरगं 'भेदरं' म्हणालं. चूक. शेंगदाण्याला 'फल्ली'. चूक. त्या मुलाला बाजारातली प्रत्येक भाजी ओळखता येत होती, भावही माहीत असावा, आणि कागदावर त्याला शून्य. मॅडम वाईट नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तेव्हा त्यांनीच हसत हसत हे सांगितलं आणि म्हणाल्या, 'सर, आता मीच यादी करतेय.'

शब्दांपेक्षाही खोल एक गोष्ट आहे. ती लक्षात यायला मला पंधरा वर्षं लागली. घराघरांत प्रश्न विचारायची रीतच वेगळी असते. शिकलेल्या नोकरदार घरात आई दोन वर्षांच्या मुलाला गाय दाखवते आणि विचारते, 'ही कोण? कशी ओरडते? रंग कोणता?' आईला उत्तर माहीत आहे, मुलाला माहीत आहे की आईला माहीत आहे, आणि तरी दोघं तो खेळ खेळतात. आमच्या घरी कोणी असं विचारलं असतं तर आई म्हणाली असती, 'आंधयी झाली काय मी?' आमच्याकडं प्रश्न विचारायचे ते खरोखर हवं असलेलं कळावं म्हणून. 'बैल पानी पेले काय?' 'बाप कुठी गेला?' मग असं मूल शाळेत येतं, बाई हातात लाल चेंडू धरून विचारतात, 'हा रंग कोणता?' मूल विचारात पडतं. बाईंना दिसतंय की. मग का विचारतात? काहीतरी डाव असेल. ते गप्प बसतं आणि त्याच्या नावापुढं 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलं जातं.

अमेरिकेत शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासक बाईंनी कॅरोलिनातल्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत कितीतरी वर्षं राबून हेच नोंदवून ठेवलंय. त्यांचं काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका प्रशिक्षणात त्याबद्दल ऐकलं तेव्हा मला अंजनगावचा वर्गच दिसला. त्याआधी विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका आठ वर्षांच्या मुलाचं असंच दाखवलं होतं. टेबलापलीकडं मोठा माणूस बसला की मुलगा एका शब्दात उत्तर देई. त्याच माणसानं बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या मित्राला सोबत घेतलं, स्वतः जमिनीवर बसला, तर दोघं एकमेकांना बोलू देईनात. मूल तेच, भाषा तीच. बदलली ती बैठक. गरीब घरात शब्दच कमी असतात, तीन कोटी शब्दांचा फरक पडतो, असला एक आकडा आईबापांच्या ग्रुपवर फिरत असतो. तो कॅन्सस सिटीतल्या अवघ्या बेचाळीस कुटुंबांच्या निरीक्षणावरून बांधलेला अंदाज आहे, आणि त्यात मुलाला उद्देशून बोललेलेच शब्द मोजले होते. दहा माणसांच्या अंगणात मुलाच्या कानावर दिवसभर जे पडतं ते त्यात धरलेलंच नव्हतं. तेव्हा तो आकडा उशाला घेऊन झोपू नका.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: वेगळा उच्चार ही वाचनाची चूक नाही, मात्रांची गफलत ही चूक आहे. मुलाजवळ अर्थ आहे. शाळेच्या मराठीची आणि शाळेच्या प्रश्नांची सवय नाही. ती लावता येते, आणि त्यासाठी घरची भाषा काढून टाकावी लागत नाही.

घरात पुणेरी बोलायला लागलं तर काय बिघडतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. करून पाहिलेली घरं मी बघितली आहेत. आमच्याच शाळेतल्या एका शिपायानं ठरवलं होतं की पोरीशी शुद्धच बोलायचं. गेलो एकदा त्याच्या घरी. 'बेटा, जेवण केले का? हात धुतले का? अभ्यास कर.' संपलं. बायकोशी मात्र अर्धा तास वावर, बाजार, लग्नाची बोलणी, हसणं, भांडण, सगळं वऱ्हाडीत. पोरगी कोपऱ्यात बसून ऐकत होती, पण तिच्या वाट्याला फक्त हुकूम येत होते. जी भाषा आपल्याला सहज येत नाही तिच्यात माणूस गोष्ट सांगत नाही, चिडवत नाही, 'मग काय झालं?' असं विचारत नाही. नुसत्या सूचना देतो. मुलाचं वाचन ज्यावर उभं राहतं ते बोलणं तर या उरलेल्या गोष्टींतच असतं. तुमच्या घरात प्रमाण मराठी खरोखर सहज येत असेल, तर बोला की, कोण अडवतंय? पण सासूबाईंना येत नाही, आणि दिवसाचे जास्तीत जास्त तास मुलगा त्यांच्याजवळ असतो.

त्याचा उच्चार तसाही बदलेल. त्याला चाकणची पोरं शिकवतील, वर्ष-दोन वर्षांत मैदानात 'मला' म्हणेल आणि घरात 'मले'. गप्पांची भाषा मुलं अशी लवकर उचलतात. धड्याची, गणिताच्या उदाहरणाची, 'म्हणून', 'परंतु', 'त्यापैकी'ची भाषा यायला पाच-सात वर्षं जातात. परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांबद्दल जिम कमिन्स या अभ्यासकांनी हे मांडलंय. आपल्या मुलासाठी भाषा परकी नाही, तेव्हा वेळ कमी लागेल, पण क्रम तोच. तेव्हा काळजी करायचीच तर 'मले'ची करू नका, 'त्यापैकी'ची करा.

आता वर्गाबद्दल. शाळेतला वर्ग नाही, समाजातला. यावर बोलायला कोणाला आवडत नाही. बाई डॉक्टरांच्या घरच्यांनाही म्हणाल्या असत्या काय, की घरी असं बोला न् तसं बोलू नका? मी केंद्रप्रमुख असताना पालकसभा दाराजवळ उभं राहून बघायचो. एक पालक थेट आत येतो, खुर्ची ओढतो, 'मॅडम, याचं गणित कच्चं का?' विचारतो. दुसरा चपला बाहेर काढतो, उंबऱ्याशी थांबतो, आणि बाई बोलतील त्याला मान हलवतो. पहिल्याला खुलासा मिळतो, दुसऱ्याला उपदेश. दोघांची मुलं शेजारी बसतात आणि हे सगळं बघतात. यात बाईंचा एकटीचा दोष नाही. त्याही असंच ऐकून शिकल्या असतील. मी डी.एड. करून पहिल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला म्हणालो होतो, 'पानी नाही, पाणी म्हण.' ती काही बोलली नाही. गडवा भरून पुढं ठेवला. त्या सुट्टीत ती माझ्याशी फारसं बोललीच नाही, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

कागदावर म्हणाल तर रोख तुमच्या बाजूचाच आहे. संविधानात १९५६ पासून ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करायला सांगतं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं २९ वं कलम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा माध्यम असावी म्हणतं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तर 'घरची भाषा' असाच शब्द वापरतं. पण तुम्ही कलमं घेऊन शाळेत जाऊ नका, त्यानं मुलाचे दिवस वाईट जातील. शांतपणे जा, खुर्चीवर बसा, आणि बाईंना एवढंच विचारा: याला कोणती जोडाक्षरं, कोणत्या मात्रा येत नाहीत? ऐकलेली गोष्ट समजते काय? वर्गात बोलतो काय? या प्रश्नांना बाईंना नेमकं उत्तर द्यावं लागतं. 'घरची भाषा' हे नेमकं उत्तर नव्हे. आणि हसणाऱ्या पोरांबद्दलही सांगा. शहाणी बाई एका तासात ते थांबवू शकते. फळ्यावर 'कोथिंबीर' लिहायचं आणि कोणाच्या घरी काय म्हणतात ते विचारायचं. चाकणच्या वर्गात निम्मी मुलं बाहेरगावची असतील. फळा भरून जातो, आणि मग हसायचं कोणाला?

इंग्रजी माध्यमाचं मी सरसकट 'नको' म्हणणार नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात उभं राहून दिवस काढलेत त्यांना इंग्रजी का हवंसं वाटतं, हे मला समजावून सांगायची गरज नाही. पण आजच्या प्रश्नावर ते औषध नाही. मराठीत त्याला वेशीपर्यंत जायचं होतं, इंग्रजीत तुम्ही त्याला डोंगरापलीकडं पाठवाल, आणि घरात वाट दाखवणारं कोणी नाही. स्वस्तातल्या इंग्रजी शाळांत मी धारणीची ती मुलगी पुन्हा पुन्हा बघितली आहे. घडाघडा वाचते आणि धड्यात काय आहे विचारलं की पहिल्या ओळीपासून सुरू करते. फरक एवढाच की तिथं तिचे आईबाप फी भरतात. तुम्ही दोघांपैकी एकजण रोज इंग्रजीत अभ्यास घेऊ शकत असाल, किंवा आत्ताच्या शाळेत शिक्षकच नसेल, तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर चौथीपर्यंत मराठीत पक्का होऊ द्या, पुढं चांगली सेमी इंग्रजी बघा.

आता रोज वीस मिनिटांत काय करायचं ते. तुम्ही दहावी झालेल्या आहात, तेवढं पुष्कळ. यजमानांची पाळी असेल तेव्हा फार धडपडू नका, जमेल त्या दिवशी करा.

पहिलं, आजीची गोष्ट. संध्याकाळी आजी काहीही सांगतील, गाढवाची, भुताची, स्वतःच्या लग्नाची. मग मुलगा ती तुम्हाला सांगेल आणि तुम्ही त्यातली चार वाक्यं एका कोऱ्या वहीत लिहाल, तो म्हणेल तशीच. 'आजीनं भाकर केली. कुत्र्यानं पयवली.' 'पयवली' असंच लिहा, सुधारू नका. तो ते वाचेल, आणि भराभर वाचेल, कारण शब्द त्याचेच आहेत. कागदावरचं अक्षर म्हणजे कोणाचं तरी बोलणं असतं, ही गोष्ट एकदा पोराच्या डोक्यात शिरली की निम्मी लढाई झाली. धारणीत पुढच्या वर्षी मी कोरकू पोरांकडून देवनागरीत हेच करून घेतलं. तिथूनच माझी पोरं खरी वाचायला लागली.

दुसरं, त्याच वहीत मागच्या पानावर उभी रेघ मारा. एकीकडं 'घरचं', दुसरीकडं 'पुस्तकातलं'. सांबार, कोथिंबीर. भेदरं, टोमॅटो. डोया, डोळा. पयवली, पळवली. रोज दोन जोड्या पुरेत. त्यात बरोबर-चूक नाही, दोन खाने आहेत. लिहिताना कोणता खाना वापरायचा हे तो आपोआप शिकेल, कारण 'डोळा' हे त्याला आता स्पेलिंगसारखं पाठ करायचं आहे, तोंड धुवून यायचं नाही.

तिसरं, दहा मिनिटं तुम्ही त्याला वाचून दाखवा. पुस्तकी मराठीत, जसं छापलंय तसं. मधे आजींनी वऱ्हाडीत शेरे मारले तर फारच उत्तम. पुस्तकी वाक्यांची चाल कानातूनच शिरते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवरही मराठीत पुष्कळ चित्रगोष्टी आहेत, त्याही फुकट.

आणि चौथं, शाळेच्या प्रश्नांची सवय. ती खेळातून लावा. कोडी घाला. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडं भुलाबाई बसवतात, गाणी झाली की डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात. उत्तर माहीत असून विचारायचा खेळ आपल्याही घरात होता, आपण तो वर्षातून एक महिना खेळायचो एवढंच. सासूबाईंना गाणी येत असतील तर त्यांच्याकडून म्हणवून घ्या, लिहून काढा, मुलाला त्यातली एक-एक ओळ बोट ठेवून वाचू द्या. आपले गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? लोकांना प्रश्न विचारायचे, वऱ्हाडीतच, आणि समोरून उत्तर येईस्तोवर सोडायचे नाहीत. आजींनी कीर्तनं ऐकली असतील तर ही तऱ्हा त्यांना सांगायला नको.

सासूबाईंना पालकसभेतलं काही कळलं आहे काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळलं असेल तर त्या आधीच कमी बोलायला लागल्या असतील. वही त्यांच्याच हातात द्या आणि 'याची गोष्ट तुम्हीच सांगा, मला लिहायचीय' असं म्हणा.

एक महिना हे करून बघा. पहिल्या दिवशी वाचताना लिहून घेतलेला कागद जपून ठेवा आणि तिसाव्या दिवशी तोच उतारा पुन्हा वाचायला देऊन दुसरा कागद करा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मात्रांच्या चुका तेवढ्या मोजा, 'डोये' मोजू नका. चुका तितक्याच राहिल्या असतील तर कोणत्या अक्षरावर अडतो ते मला कळवा. जोडाक्षरांत अडत असेल तर उपाय एक, वेलांटी-उकारांत अडत असेल तर दुसरा. आणि अक्षरं उलटीच दिसत असतील, किंवा काल आलेला शब्द आज नवाच वाटत असेल, तर माझ्यासारख्या मास्तरचं ते काम नाही. मग सरकारी दवाखान्यात बालरोग विभागात दाखवून घ्या.